अनोळखी माणसांची वही

आमच्या आईला आम्ही दोघंच. मोठा दादा आणि धाकटी मी. घरातला राग दोघांत सारखा वाटला जायला हवा होता, पण दादा लहानपणी आपल्या वाट्याचा खाऊ मला द्यायचा तसा त्यानं रागही देऊन टाकला. तेव्हापासून दोघांचा राग मी एकटी सांभाळते आहे. पालिकेत तीस वर्षं टायपिस्ट होते. तिथं मला पाठीमागे लवंगी म्हणायचे. पाठीमागे म्हणजे कुठे, माझ्या टेबलापासून तीन फुटांवर.

हे सांगायला बसले आहे ते दादाचं आहे. तो स्वतः सांगणार नाही. त्याला विचारलंत तर म्हणेल, "झालं ते झालं, पाणी द्यायचं राहिलंय." म्हणून मी सांगते, आणि माझ्या पद्धतीनं सांगते. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

दादा पालिकेचा माळी. पाण्याच्या टाकीमागची बाग एकतीस वर्षं त्याच्याकडे होती. बाग म्हणजे तीन रस्त्यांच्या मधला तिकोनी तुकडा. नऊ बाक, एक नळ, एकेचाळीस झाडं आणि कोपऱ्यात दादाची पत्र्याची खोली. तिच्यात खुरपी, पाईप, मोठी कात्री आणि एक पाय डुगडुगणारी खुर्ची. तो तिथं गेला तेव्हा झाड एकही नव्हतं. टाकी बांधून उरलेला राडारोडा पालिकेनं त्या तुकड्यावर ओतला होता, वर "उद्यान" अशी पाटी ठोकली होती आणि हात झटकले होते. दादानं पहिली दोन वर्षं फक्त विटांचे तुकडे आणि काचा वेचल्या. संध्याकाळी घरी आला की वहिनी सुई घेऊन दिव्याखाली बसायची, त्याच्या तळहातातल्या काचा काढायला. मी तणतणायचे, "अरे, हातमोजे माग की पालिकेकडे!" तो म्हणायचा, "अर्ज दिलाय." तो अर्ज मीच टाईप केला होता. हातमोजे अकरा वर्षांनी आले, आणि दोन्ही डाव्या हाताचे आले.

वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. मग तर काय, बाग हेच त्याचं घर झालं. पहाटे साडेपाचला दार उघडायचा आणि अंधार पडला की लावायचा. मधल्या वेळात एक डबा मी पाठवायचे.

तिथं येणारी माणसं त्याला तोंडपाठ होती. एक पोस्टातून निवृत्त झालेले काका, कंबरेच्या दुखण्यावर उलटं चालायचे. दादा त्यांच्या वाटेतला पाईप आधीच उचलून ठेवायचा. दोन जावा होत्या. घरात एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत, आणि नळाजवळच्या बाकावर येऊन तासभर कचाकचा भांडायच्या. भांडण झालं की दोघी नळावर पाणी पिऊन वेगवेगळ्या दारांनी निघून जायच्या. दवाखान्यातली एक नर्स रात्रपाळी संपवून यायची आणि पायातले बूट काढून, डोक्याखाली पर्स घेऊन बरोबर वीस मिनिटं झोपायची. वीस मिनिटं झाली की दादा बाकापाशी खुरपं दोनदा दगडावर आपटायचा. ती उठायची, बूट घालायची, बस पकडायची. एकमेकांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. एक शिंपी होता, दुकानात उजेड कमी म्हणून काज करायचे सगळे कपडे घेऊन यायचा. शाळा सुटली की निम्मा वॉर्ड तिथं लोटायचा. सुट्टीच्या दिवशी बाकावर टेकायला जागा मिळायची नाही, लोक टाकीच्या कठड्यावर बसायचे.

आता वहीचं सांगते. सगळं रामायण त्या वहीचं आहे.

बावीस वर्षांपूर्वी बागेतला पितळी नळ चोरीला गेला. एक नळ! पण त्या वेळचे उद्यान अधीक्षक असे पेटले, जसं काही पालिकेची तिजोरीच गेली. त्यांनी हुकूम काढला. तो हुकूम मी टाईप केला, चार प्रतींत, कार्बन लावून. "बागेत येणाऱ्या अनोळखी इसमांची तारीख, वेळ व वर्णनासह नोंद ठेवावी. वाहन असल्यास क्रमांक लिहावा." खाली सही, शिक्का. चौथी प्रत दादाला गेली, इतकी फिकट की उन्हात धरून वाचावी लागायची. अधीक्षक पुढच्या वर्षी निवृत्त झाले, नंतर वारलेही. नळ पुन्हा बसला, तोही लोखंडी. हुकूम मात्र कुणी मागे घेतला नाही. आणि जो हुकूम मागे घेतला नाही तो दादा पाळतो.

बावीस वर्षं त्यानं ती वही लिहिली. एक वही भरली की दुसरी. प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर तो हुकूम आपल्या हातानं, ठळक अक्षरात उतरवून काढायचा. मग नोंदी. "सकाळी १०.२०. दोन इसम, एकाची लाल टोपी. पाणी प्यायले, गेले." "दुपारी ३.०५. एक बाई, रडत होती. विचारलं नाही." अनोळखी कोण आणि ओळखीचं कोण, याचा त्याचा स्वतःचा नियम होता. तीनदा येऊन बसला की तो आपला. मग त्याची नोंद बंद. ती रडणारी बाई चौथ्या दिवसापासून वहीत नाही. कारण ती रोजची झाली.

मी एकदा विचारलं होतं, "अरे, रोजच्यांची का नाही लिहीत?" तर माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच वेड्यासारखं विचारलंय. "घरात जेवायला बसलेल्यांची कुणी नोंद करतं का?"

इथवर सगळं ठीक होतं. पुढची चूक माझी. ती माझी नाही असं म्हणायला जीभ टाळ्याला लावून बघितली, जमत नाही.

नऊ वर्षांपूर्वी वरून एक छापील तक्ता आला. प्रत्येक उद्यानानं महिन्याचा अहवाल द्यायचा. झाडं किती, नळ किती, आणि शेवटचा रकाना, "वापरकर्ते". बाकीच्या बागांचे माळी अंदाजपंचे काहीतरी सांगायचे, नऊशे, बाराशे, दोन हजार. दादाकडे वही होती, म्हणून दादानं वहीतल्या ओळी मोजून चिठ्ठी पाठवली. "या महिन्यात ६१." आणि मी, जिला त्याच्या वहीत कोण लिहिलं जातं आणि कोण नाही हे पक्कं माहीत होतं, तिनं शेवटच्या रकान्यात टाईप केलं, ६१. पुढच्या महिन्यात ६४. पुढच्या महिन्यात ५८. हात चालायचे, डोकं चालायचं नाही. असले तक्ते वाचतंय कोण, असं मनात म्हणायचे. सहा वर्षं मी ते टाईप केलं, मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी आलेल्या मुलीनं तीन वर्षं केलं. पालिकेत कागद कुणी वाचत नाही हे खरं आहे. पण ज्या दिवशी त्यांना हवा असतो, त्या दिवशी नेमका तोच कागद वाचतात.

तर गेल्या वर्षी गावात बातमी आली. टाकीमागच्या बागेच्या जागी वाहनतळ होणार. खाली दुकानं, वर तीन मजले गाड्या. हरकती मागवल्या. लोकांनी दिल्या, शेकड्यांनी. आणि एक दिवस नियोजन विभागातला एक कारकून बागेत आला आणि दादाच्या चार वह्या काखोटीला मारून घेऊन गेला. दादा त्याच्यामागे दारापर्यंत गेला. "पहिलं पान बघा हं, साहेब. प्रत्येक वहीचं पहिलं पान." तो म्हणाला, "बघतो बघतो, काका."

सुनावणी सकाळी अकराला होती, त्याच सभेत मतदान. मी आणि दादा प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बसलो. सदस्यांच्या खुर्च्यांना गाद्या आणि आमच्या खुर्च्यांच्या पट्ट्या तुटलेल्या. तीस वर्षांत त्या बदलल्या नाहीत, मी तिथं नोकरीला लागले तेव्हाही त्याच होत्या. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की अध्यक्षबाई घंटी वाजवणार. पोस्टातले काका बोलले. त्यांची दोन मिनिटं माईक चालू करण्यात गेली. नर्स आली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी तिथं झोपते," आणि सदस्य फस्सकन हसले. ती बिचारी लालबुंद होऊन खाली बसली. मी उठणार होते, दादानं माझा पदर धरून ठेवला.

मग नियोजनाचे साहेब उठले. मी त्यांना नकाशेसाहेब म्हणते, कारण काखेत नकाशाची गुंडाळी असल्याशिवाय हा माणूस स्वच्छतागृहातही जात नसावा. त्यांनी भिंतीवर चित्र दाखवलं. वाहनतळाच्या चित्रात झाडं काढली होती, कुंड्यांमधली. गोड आवाजात म्हणाले, "हरकती भावनिक आहेत. आपण आकडे बघू. या उद्यानाचा वापर दिवसाला सरासरी दोन माणसं. आणि हा आकडा आमचा नाही. उद्यानाच्या माळ्यानं स्वतःच्या हातानं बावीस वर्षं ठेवलेल्या नोंदवहीचा आहे." आणि चारही वह्या त्यांनी टेबलावर ठेवल्या, एकावर एक.

"दोन माणसांसाठी एवढी जागा!" आमच्या वॉर्डाचा नगरसेवक म्हणाला. याला गावात बत्तिशी म्हणतात. चौकाचौकात याचे फलक आणि प्रत्येक फलकावर सगळे दात बाहेर. "मला तर या प्रस्तावाची कल्पना गेल्या महिन्यातच आली. पण आकडे ऐकून मी थक्क झालो. वाढदिवसाला याहून जास्त लोक माझ्या जिन्यात असतात." पुन्हा हशा.

मी दादाकडे बघितलं. त्याचे कान पेटले होते. तो वह्यांकडे बघत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हळूच मला म्हणाला, "माझ्यामुळे जाणार गं." बास. एवढंच म्हणाला. वहिनी गेली त्या दिवशीसुद्धा त्याचा आवाज असा झाला नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहून ओरडले, "पहिलं पान वाचा! पहिलं पान!" घंटी वाजली. "प्रेक्षकांनी शांत राहावं." मी म्हटलं, "शांत तुम्ही राहा, मी तीस वर्षं राहिले!" हे खोटं होतं, पण रागात चालतं. शिपाई माझ्याकडे यायला लागला. तो मला ओळखत होता म्हणून अगदी सावकाश आला. तेवढ्यात चहाची सुट्टी झाली. मतदान सुट्टीनंतर.

बाहेरच्या जिन्यावर दादा बसला. त्याला बोलता येणार नव्हतं. पालिकेच्या नोकरानं पालिकेच्या प्रस्तावाविरुद्ध बोलायचं नाही असा नियम आहे. त्याच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. मी म्हटलं, "मी बोलते. मी आता कुणाची नोकर नाही. त्या हुकुमाचं सांगते आणि त्या मेल्या तक्त्याचंही सांगते."

"सांग," तो म्हणाला. दूधवाल्यानं माप घालताना थांबावं तसा थांबायचा तो, बोलायच्या आधी. "शेवटच्या वहीत बघ. मागच्या थंडीतलं. पांढरी गाडी."

"कसली पांढरी गाडी?"

"आले होते. मी लिहिलंय. कुणाविरुद्ध नाही लिहिलेलं हं. जे आले ते लिहिले."

सभेचे नियम मी चार वेळा टाईप केले आहेत, दुरुस्त्यांसकट. सभेपुढे पुरावा म्हणून ठेवलेला कागद मतदानापूर्वी कुणाही नागरिकाला बघता येतो आणि त्यावर बोलायला चिठ्ठी देता येते. नियम तेवीस. सदस्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. मी चिठ्ठी दिली. सचिव म्हणाला, "बाई, कशाला उगाच." मी म्हटलं, "नियम तेवीस." त्यानं पुस्तक काढलं, बघितलं, आणि तोंड आंबट करून चिठ्ठी घेतली.

सुट्टी संपली. मी टेबलापाशी गेले.

"हा दोन माणसांचा आकडा मी टाईप केलाय," मी म्हटलं. "सहा वर्षं. चूक माझी. आता वहीचं पहिलं पान ऐका." आणि हुकूम वाचला. अनोळखी इसमांची नोंद. "म्हणजे या वहीत बागेत येणारी माणसं नाहीतच. बागेत चुकून आलेली माणसं आहेत. रोज येणारी दोनशे-तीनशे माणसं या वहीत नाहीत, कारण माळी त्यांना ओळखतो. साहेबांनी ओळी मोजल्या. वाचली एकही नाही."

समोर कुणाला फरक पडला असेल तर शपथ. एक सदस्य मोबाईलवर काहीतरी बघून हसत होता. बत्तिशी जांभई दाबत होता. नकाशेसाहेब म्हणाले, "हा तांत्रिक मुद्दा आहे."

पालथ्या घड्यावर पाणी. मी शेवटची वही उघडली. दादाचं अक्षर मोठं आणि गोल आहे, शोधायला वेळ लागला नाही. मी तारीख वाचली. सभेच्या दिवसापासून अकरा महिने आधीची. मग वाचलं:

"सकाळी ७.४०. पांढरी गाडी." पुढे क्रमांक. "चार इसम. एकाच्या काखेत नकाशाची गुंडाळी. एक बिल्डर, त्याला बाकीचे शेठ म्हणत होते. एकाचा चेहरा चौकातल्या फलकावर पाहिलेला, बागेत पहिल्यांदाच आला. चौथ्यानं टेप लावून पूर्ण बाग मोजली. शेठ म्हणाले, दुकानं रस्त्याच्या बाजूला हवीत. फलकावरचे म्हणाले, होऊन जाईल. बसले नाहीत. फुलं तोडली, तीन."

मी पान उलटलं. त्याच महिन्यात आणखी दोनदा. तीच गाडी. "पुन्हा तेच इसम. बसले नाहीत."

कुणीतरी मोबाईल खाली ठेवल्याचा आवाज आला. घंटी वाजायची वेळ झाली होती, मी घड्याळाकडे बघितलं. अध्यक्षबाईंचा हात घंटीवर होता. त्यांनी तो उचलला आणि म्हणाल्या, "तारीख परत वाचा." मी परत वाचली.

बत्तिशीचे दात मी पहिल्यांदा आत गेलेले बघितले. "ही... ही वही खोटी आहे!" तो ओरडला.

"आत्ता खरी होती ना," मी म्हटलं. "दोन माणसांपुरती खरी आणि चार माणसांपुरती खोटी? आणि ऐका, त्या महिन्याच्या आकड्यात तुम्ही चौघंही धरलेले आहात. बागेचे वापरकर्ते म्हणून!"

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. विरोधी बाकांवरचे टेबलं बडवायला लागले. बागेवरच्या प्रेमापोटी नव्हे हो, त्यांच्यातल्या एकालाही त्या बागेला दारं किती आहेत ते सांगता यायचं नाही. त्यांना बत्तिशी हवा होता, तो मिळाला. प्रस्ताव "चौकशी होईपर्यंत स्थगित". नकाशेसाहेब गुंडाळी विसरून गेले. मी मागे वळले तर दादा खुर्चीत नव्हता. बागेला पाणी द्यायची वेळ झाली म्हणून निघून गेला होता.

इथं संपलं असतं तर मी पेढे, बर्फी काहीतरी वाटलं असतं आणि गप्प बसले असते. पण पालिका आहे ती.

चौकशीचं काय झालं? चौकशी चालू आहे. बत्तिशी चौकात अजून हसतोय, नवा फलक आधीपेक्षा मोठा आहे. नकाशेसाहेबांना बढती मिळाली. आणि तीन आठवड्यांनी दादाच्या हातात मेमो पडला. "बागेतील दैनंदिन वापरकर्त्यांची नोंद ठेवण्यात कसूर करून सभागृहाची दिशाभूल केल्याबद्दल आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये?" चोर सोडून संन्याशाला फाशी! मी रात्री जेवले नाही. चार पानांचं उत्तर लिहिलं, असं की वाचणाऱ्याच्या कानातून धूर निघावा. दादानं ते घडी करून खिशात ठेवलं आणि स्वतः एक ओळ लिहून दिली. "हुकुमाप्रमाणे केले."

"अरे, चार शिव्या तरी दे!" मी ओरडले. "माझ्यासमोर दे! मी कुणाला सांगणार नाही!"

"तू देतेस की," तो म्हणाला.

त्याची बदली झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सांडपाण्याच्या पंपावर. काँक्रीटची खोली, मोटारीची घरघर, आणि दर तासाला काट्याचा आकडा वहीत लिहायचा. गवताचं पातं नाही. एकतीस वर्षं माती हाताळणारा माणूस, शेवटच्या वर्षभरासाठी तिथं स्टुलावर. गुडघे गेलेल्या माणसाला बावीस पायऱ्या उतरून जायचं. मी उद्यान विभागात जाऊन तमाशा केला. माझ्या जागी आलेली मुलगी रडायला लागली, तिच्यावर कशाला ओरडले मी, तिचा काय दोष. बाग एका कंत्राटी संस्थेला दिली. तिथं त्यांचा माणूस आला.

दादा दीड महिना बागेकडे फिरकला नाही. सुट्टीच्या दिवशी घरात बसून राहायचा, नखं बघत. नखांतली माती गेली होती. मग एका सुट्टीला मीच म्हटलं, "चल." तो म्हणाला, "दुपारी जाऊ." रोजची माणसं भोवती जमलेली त्याला नको होती. दुपारी अडीचच्या सुमारास बागेत कुणी नसतं, ऊन असतं.

गेलो. बाग वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पण दादा दारातून आत गेला तो थेट झाडांकडे. एकेका बुंध्यावर तळहात ठेवत चालला होता. नळाजवळच्या बोगनवेलीखाली वाकला आणि मातीत बोट खुपसून ओल बघितली. त्या वेलीला वहिनीनं एकदा आमच्या मोरीतलं पाणी बादलीनं आणून जगवलं होतं, नळ बंद होता त्या उन्हाळ्यात.

"ओ काका! काय उकरताय?"

पत्र्याच्या खोलीतून नवा माणूस बाहेर आला. पन्नाशीचा, अंगात संस्थेचा निळा शर्ट. माझं तोंड उघडलं. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते छापता येणार नाही. दादानं माझं मनगट धरलं, घट्ट.

"काही नाही. बघत होतो," तो म्हणाला.

"कोण आपण?"

"असेच आलोय."

त्या माणसानं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आत गेला, वही घेऊन आला आणि उभ्या उभ्या लिहायला लागला. दादाचीच वही होती ती, अर्धी राहिलेली. पहिल्या पानावर दादाच्या अक्षरातला हुकूम होता, आणि हा माणूस तो पाळत होता. मी त्याच्या हातातून वही ओढली. लिहिलं होतं, "एक वयस्कर इसम. झाडांना हात लावत फिरतो, माती उकरतो. सोबत एक बाई, चिडलेली. लक्ष ठेवणे."

एकेचाळीस झाडं! काचा वेचून वेचून लावलेली! माझ्या डोळ्यांतून रागानं पाणी यायला लागलं. "याला माहीत आहे का तू कोण? सांग त्याला! सांग, नाहीतर मी सांगते!"

"नाही माहीत," दादा म्हणाला. "म्हणून तर लिहिलं. बरोबर आहे त्यांचं."

त्यानं माझ्या हातातून वही घेतली, खिशातून चष्मा काढला आणि ती नोंद सावकाश वाचली. "अक्षर छान आहे तुमचं," तो त्या माणसाला म्हणाला. "फक्त वेळ लिहायची राहिली." त्याचं पेन मागून घेतलं आणि नोंदीच्या आधी, आपल्या मोठ्या गोल अक्षरात, लिहिलं, "दुपारी २.४०." वही परत दिली.

मग नळाजवळच्या बाकावर, त्या दोन जावांच्या बाकावर, जाऊन बसला. माझ्याकडे बघून शेजारच्या जागेवर थाप मारली.

"रडू नकोस. बस इथं," तो म्हणाला. "आज एकदा झालं. अजून दोनदा येऊन बसायचंय."